अनवाणी दौडीपासून अँटवर्पपर्यंत : डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींचा एक अभ्यास

बऱ्हाणपूरहून असीरगडाच्या पायथ्यापर्यंतचे अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघून हे अंतर पायी तोडणारी आणि संध्याकाळच्या आत परतणारी माणसे या मुलखात पूर्वी पुष्कळ होती. आजही तापीकाठच्या गावांतून आणि केळीच्या बागांमधल्या गाडवाटांवरून पहाटेच्या अंधारात तरुण धावताना दिसतात. पोलीस भरतीत आठशे मीटरची आणि सैन्यभरतीत सोळाशे मीटरची दौड ठरलेल्या वेळेत पुरी करावी लागते, याची त्यांना जाणीव असते. मात्र आपण रोज किती मीटर धावतो आणि त्याला किती वेळ लागतो, हे त्यांपैकी बहुतेकांना सांगता येत नाही. ‘त्या वडापर्यंत जाऊन परत’ हा त्यांचा पल्ला आणि ‘उजाडायच्या आत’ ही त्यांची वेळ. परिणामी अंगात दम असूनही ऐन चाचणीच्या दिवशी मुलगा काही सेकंदांनी मागे पडतो आणि त्याचे वर्षभराचे श्रम वाया जातात.

ही उणीव नवी नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी पुण्यातील एका हौशी क्रीडासंस्थेला तिचा असाच अनुभव आला होता. त्या अनुभवातून भारताचा पहिला ऑलिंपिक चमू उभा राहिला. ती संस्था म्हणजे डेक्कन जिमखाना. दौडीचे एखादे मंडळ स्थापन करण्याचा विचार ज्या गावांत चालू असेल, तेथील शिक्षकांना व कार्यकर्त्यांना या संस्थेचा इतिहास विशेष उपयोगी पडण्यासारखा आहे.

तालीम होती, शर्यत नव्हती

महाराष्ट्रात आणि त्याला लागून असलेल्या निमाड-वऱ्हाडात शरीरबळाची उपासना जुनी आहे. पण तिचे केंद्र तालीम हे होते आणि तिचा मानकरी मल्ल. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचे भव्य मैदान बांधून पुरे केले आणि कुस्तीला प्रतिष्ठा मिळवून दिली. मल्लाला खुराक मिळे, वस्ताद मिळे, फेटा आणि गदा मिळे. धावणे मात्र मेहनतीचा एक भाग म्हणून केले जाई. दमसास वाढावा म्हणून पहिलवान पहाटे धावत, पण धावण्यासाठी म्हणून कोणी धावत नसे.

याचा अर्थ धावणारी माणसे नव्हती असा नव्हे. पेशवाईत खलिते पोचविणारे जासूद होते. पुढे टपालाची थैली खांद्यावर टाकून रानावनातून टप्प्याटप्प्याने धावणारे हरकारे होते. बऱ्हाणपूर हे उत्तरेतून दक्षिणेत उतरण्याच्या वाटेवरचे नाके. तेव्हा अशा किती पावलांखाली येथील माती तुडविली गेली असेल, याची कल्पनाच करावी. परंतु ही धाव चाकरीची होती. तीत जिंकणे-हरणे नव्हते आणि कोणाची वेळ कोणी लिहून ठेवीत नव्हते. कुस्तीचा निकाल लागायला आखाडा आणि चार जाणकार पुरे होतात. कोण चीत झाला हे सर्वांना दिसते. धावण्याचे तसे नाही. पुण्यातील धावपटू चांगला की बेळगावातील, हे ठरवायचे तर दोघांना एकत्र तरी आणावे लागते, नाही तर मोजलेला पल्ला आणि बिनचूक घड्याळ तरी लागते.

जिमखान्याची स्थापना

डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ साली झाली. तो स्वदेशीच्या चळवळीचा काळ होता. युरोपियनांचे क्लब आणि जिमखाने त्या काळी एतद्देशीयांना सहसा खुले नसत, तेव्हा आपले मैदान आपणच तयार करावे या भावनेने पुण्यातील सुशिक्षित मंडळी एकत्र आली. मुठेच्या पलीकडचा भाग तेव्हा गावाबाहेरचा समजला जाई. पुढे त्या सबंध वस्तीलाच संस्थेचे नाव पडले. आज पुण्यात ‘डेक्कनला उतरा’ असे म्हणणाऱ्या कित्येकांना आपण एका क्रीडासंस्थेचे नाव घेत आहोत याची आठवणही नसते.

या संस्थेने आरंभापासून एक काम कटाक्षाने केले. ते म्हणजे देशी खेळांना लेखी नियम देणे. खो-खो हा खेळ खेड्यापाड्यांत शतकानुशतके खेळला जात होता, पण प्रत्येक गावाची रीत निराळी. १९१४ च्या सुमारास पुण्यात या खेळाचे नियम बांधण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत जिमखान्याचा पुढाकार होता. खेळ तोच राहिला, परंतु नियम लिहिले गेल्यामुळे दोन गावांचे संघ भांडणाविना समोरासमोर उभे राहू शकले. काही वर्षांनी धावण्याच्या शर्यतींकडे ही मंडळी वळली, ती याच दृष्टीने.

शेतकऱ्यांची मुले आणि टाटांचे निरीक्षण

१९१९ साली जिमखान्याच्या क्रीडामहोत्सवाचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांना देण्यात आले. दोराबजींनी विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये अनेक मैदानी खेळांत भाग घेतलेला होता. परत आल्यावर मुंबईच्या शाळांतून क्रिकेटच्या व मैदानी खेळांच्या आंतरशालेय स्पर्धा सुरू करण्याच्या कामीही त्यांनी मेहनत घेतली होती. त्यामुळे ते पाहुणे म्हणून आले, तरी त्यांची नजर जाणकाराची होती.

त्या महोत्सवात त्यांनी जे पाहिले, त्याची हकीकत त्यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे. शर्यतीत उतरलेले बहुतेक जण शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली शेतकऱ्यांची मुले होती. पायांत काही नाही. युरोपीय नियमांची वा शास्त्रशुद्ध शिक्षणाची त्यांना ओळख नाही. ज्यावर धावायचे ती जमीनही रोलर न फिरविलेली, भुसभुशीत गवताची. असे असूनही त्यांपैकी काहींनी नोंदविलेल्या वेळा इतर देशांतील धावपटूंच्या वेळांशी तुलना करता कमी प्रतीच्या वाटल्या नाहीत. अनवाणी पायांनी, गवतावर आणि शिक्षणाविना हे होत असेल, तर योग्य आहार आणि मार्गदर्शन मिळाल्यास काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हे धावपटू जिमखान्याचे सभासद नव्हते. सभासद होते वकील, प्राध्यापक, सरकारी नोकर. आपल्या मैदानाचे दार या मंडळींनी खेड्यातल्या मुलांना उघडले नसते, तर टाटांना दिसले असते ते केवळ कॉलेजातील विद्यार्थ्यांचे साधारण कौशल्य. संस्था कोणासाठी आहे हा प्रश्न अनेक मंडळांच्या घटनेत सुंदर अक्षरांत लिहिलेला असतो. त्याचे उत्तर शर्यतीच्या सकाळी आरंभरेषेवर कोण उभे आहे, त्यावरून मिळते.

मिनिटे आणि सेकंद

सभासदांची आस्था मोठी होती, पण ज्ञान तोकडे होते. भारतीय ऑलिंपिक चळवळीच्या इतिहासात या संदर्भात एक किस्सा नेहमी सांगितला जातो. धावपटूंच्या निवडीची चर्चा चालू असता, शंभर मीटरच्या शर्यतीसाठी पात्रतेची वेळ किती धरावी असे विचारण्यात आले. समितीतील एका प्रमुख गृहस्थांनी, एक ते दोन मिनिटे चालतील, असे उत्तर दिले. येथे मिनिटांचा प्रश्न नसून सेकंदाच्या दहाव्या भागाचा आहे, हे त्यांना सांगितल्यावर ते थक्क झाले!

या गृहस्थांना हसणे सोपे आहे. परंतु ज्या समाजात घड्याळाचा उपयोग गाडीची वेळ पाहण्यापुरता होता, तेथे सेकंदाचे दहा तुकडे करून माणसाचे पाय मोजावयाचे ही कल्पना नवीच होती. उल्लेखनीय गोष्ट अशी की समितीने आपले अज्ञान झाकले नाही. तिने विचारले, समजून घेतले आणि त्याप्रमाणे निवडीच्या शर्यती घेतल्या.

तीन उत्तम धावपटूंना १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी पाठवावे, असा टाटांचा मूळ प्रस्ताव होता. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने भारताला सहभागाची अनुमती मिळाली. प्रस्तावाची वार्ता पसरताच पुण्यातील राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींचा उत्साह वाढला आणि तीन धावपटूंऐवजी पुरा चमूच पाठविण्याचे घाटले. निवड झालेल्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू होते. कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्लही होते. याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी वैयक्तिकरीत्या भाग घेऊन दोन रौप्यपदके मिळविली होती. पण देशाचा म्हणून रीतसर निवडलेला चमू हा पहिलाच.

अँटवर्पची मॅरेथॉन

मॅरेथॉन या शर्यतीचे अंतर आज सर्वत्र ४२ किलोमीटर १९५ मीटर असे निश्चित आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते प्रथम वापरले गेले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. तोपर्यंत प्रत्येक ऑलिंपिकमध्ये अंतर कमीजास्त होत असे. अँटवर्पला ते ४२.७५ किलोमीटर होते. आजवरच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमधील हा सर्वांत मोठा पल्ला होय. बऱ्हाणपूरकरांच्या हिशेबाने सांगायचे, तर गावातून निघून असीरगडाच्या पायथ्याला शिवावे, धावत परत यावे आणि आणखी दोन-अडीच किलोमीटर पुढे जावे, एवढे हे अंतर भरेल.

२२ ऑगस्ट १९२० रोजी ही शर्यत झाली. फिनलंडचे हॅनेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. एस्टोनियाचे युरी लॉसमन त्यांच्यामागून अवघ्या तेरा सेकंदांच्या आत पोचले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत शर्यत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

चौगुले यांच्या वेळेचा हिशेब केला असता तो दर किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटे पडतो. भरतीसाठी सोळाशे मीटर धावणाऱ्या तरुणाने सहा मिनिटे चोवीस सेकंद घेतले, तर त्याचा वेग हाच ठरेल. मात्र त्याने त्याच वेगाने ते अंतर न थांबता सुमारे सत्तावीस वेळा धावले पाहिजे. विजेत्याहून चौगुले अठरा मिनिटे मागे होते, हे खरे. परंतु युरोपातले हे धावपटू वर्षानुवर्षे क्लबांतून मोजलेल्या रस्त्यांवर धावत आलेले होते, तर चौगुल्यांच्या मागे अशा तयारीची केवळ एका उन्हाळ्याची शिदोरी होती.

त्याच स्पर्धेत रणधीर शिंदे यांनी कुस्तीत उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली, मात्र कांस्यपदकाच्या लढतीत ते हरले. बॅनर्जी यांचे आव्हान प्राथमिक फेरीतच संपले. पदक एकही आले नाही.

त्यानंतर

१९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकसाठी दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा घेऊन चमू निवडण्यात आला. निरनिराळ्या प्रांतांतून स्पर्धा भरू लागल्या आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटाच होते. पुण्यातील एका मैदानावर सुरू झालेले काम अशा रीतीने देशव्यापी झाले. सूत्रे मात्र हळूहळू पुण्याबाहेर गेली, आणि ते स्वाभाविकच होते.

चौगुले यांचे नाव नंतरच्या पिढ्यांच्या स्मरणात फारसे राहिले नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुरतसिंग माथुर यांनी मॅरेथॉन पूर्ण केली आणि बावन्नावा क्रमांक मिळविला. स्वतंत्र भारताच्या वतीने हा पल्ला पुरा करणारे ते पहिले धावपटू. पण कित्येक लेखांतून ‘ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले भारतीय’ असाच त्यांचा उल्लेख होतो. बत्तीस वर्षे आधी, अर्ध्या किलोमीटरहून अधिक मोठ्या पल्ल्यावर, चौगुले यांनी त्यांच्याहून कमी वेळ नोंदविला होता. माथुर यांचा मान यामुळे यत्किंचितही कमी होत नाही. चौगुल्यांना त्यांचा मान मिळावा, एवढेच. पुढे १९७६ मध्ये माँट्रियल येथे शिवनाथ सिंह यांनी अकरावा क्रमांक पटकावला.

मराठी मुलखातील लांब पल्ल्याच्या धावपटूंची परंपरा आज पुन्हा खेड्यांतूनच फुललेली दिसते. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागातील कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. माण तालुक्यातील दुष्काळी टापूतून आलेल्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावल्या. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी त्याच प्रकारात २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक पटकावले. १९१९ च्या त्या मैदानावर मुली नव्हत्या. आज कोणत्याही गावाने मंडळ काढताना ही उणीव पहिल्याच दिवशी भरून काढली पाहिजे. शहरांतही आता नागरिकांनी एकत्र येऊन चालविलेल्या दौडी रुजल्या आहेत. साताऱ्यात २०१२ पासून डोंगरावरील रस्त्याने होणारी अर्धमॅरेथॉन हे तिचे सुपरिचित उदाहरण आहे.

गावातील मंडळासाठी काही तपशील

डेक्कन जिमखान्यापाशी १९१९ साली जे होते, ते सर्व आज कोणत्याही ग्रामपंचायतीला जमविता येण्यासारखे आहे. सेकंदाचा शतांश दाखविणारे घड्याळ तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते. कठीण काम असते ते अंतर मोजण्याचे, आणि नेमकी तेथेच हयगय होते.

शाळेच्या मैदानावर दोनशे मीटरचा मार्ग आखता येतो. त्यासाठी पन्नास मीटरच्या दोन समांतर सरळ बाजू घ्याव्यात आणि त्यांची टोके अर्धवर्तुळांनी जोडावीत. धावणाऱ्याचे पाऊल आतल्या रेघेपासून वीस सेंटिमीटर बाहेर पडते असे नियमाने धरले जाते. म्हणून अर्धवर्तुळाची चुन्याची आतली रेघ मध्यापासून १५ मीटर ७२ सेंटिमीटरवर मारावी, म्हणजे प्रत्येक वळण बरोबर पन्नास मीटरचे होते. मध्याला खुंटी ठोकून दोरीने रेघ मारता येते. मात्र दोरी ताणली जाणारी नसावी. अशा मार्गावर चार फेऱ्यांत आठशे मीटर व आठ फेऱ्यांत सोळाशे मीटर होतात. फीत नसेल, तर पटवाऱ्याकडील जरीब उपयोगी पडेल.

रस्त्यावरचा पल्ला मोजण्यासाठी सायकल हे उत्तम साधन आहे. मोठमोठ्या मॅरेथॉन शर्यतींचे मार्गही आज सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावूनच प्रमाणित केले जातात. गावात तसे यंत्र नसले, तरी चाकाच्या एका आरीला फडके बांधून फेरे मोजता येतात. प्रथम फितीने मोजलेल्या शंभर मीटरवर सायकल चालवून किती फेरे होतात ते पाहावे. चाकाचा घेर २ मीटर १० सेंटिमीटर असेल, तर एक किलोमीटरला सुमारे ४७६ फेरे पडतील. हवा कमी झाली की घेर कमी होतो, तेव्हा मोजणीआधी व नंतर अशी दोनदा पडताळणी करावी. असीरगडाचा रस्ता या कामी मोहात पाडणारा आहे खरा, पण तो इंदूर-इच्छापूर महामार्गाचा भाग असल्याने मालमोटारींची वर्दळ तेथे सतत असते. शर्यतीसाठी आतील गावरस्ताच बरा. एप्रिल-मेमध्ये या भागात पारा चाळीसच्या वर जातो, त्यामुळे सूर्योदयानंतर तासाभराने मोठा पल्ला बंदच असावा.

राहता राहिली नोंदवही. तीत दिनांक, नाव, वय, गाव, अंतर व वेळ यांचे रकाने असावेतच. ऊन, पाऊस, वारा यांसाठीही एक रकाना ठेवावा, कारण त्याविना पुढील वर्षीची तुलना खरी ठरत नाही. ज्यांनी शर्यत अर्ध्यावर सोडली त्यांचीही नावे लिहावीत आणि कितव्या किलोमीटरवर व कशामुळे थांबले तेही लिहावे. अँटवर्पच्या निकालपत्रात चौगुल्यांच्या एकोणिसाव्या क्रमांकाबरोबर, शर्यत पूर्ण न करणाऱ्यांच्या यादीत, सदाशिव दातार हे नाव आजही वाचता येते.